शेवंताच्या नावाचा खांब

मुंबईच्या जुन्या धक्क्यांचा इतिहास लिहून द्या, असं आमच्या गावच्या गुरुजींनी सांगितलं. हा दिवाळी अंक तेच काढतात. मी म्हटलं, गुरुजी, माझी शाळा चौथीपर्यंत. ते म्हणाले, चुका मी काढतो, तुम्ही लिहा, तेवढंच मन रमेल. बायको गेली तेव्हापासून जो येतो तो मला मन रमवायचा उपाय सांगतो. कोणी म्हणतं हिवरा आश्रमात जाऊन बसत जा, कोणी म्हणतं मोबाइल शिका. मन रमवायला मी लिहीत नाही. एक खांब होता, तो आता कोणाला दिसणार नाही, आणि तो कुठं होता हे माहीत असलेला मी एकटा उरलो, म्हणून लिहितो. गुरुजींनी माझं ‘मले’ काढून ‘मला’ केलं, ते असू द्या. पण घरातलं बोलणं तसंच ठेवा म्हटलं. शेवंता जन्मात कधी ‘मला’ म्हणाली नाही.

इतिहास मला येत नाही. धक्का खालून कसा दिसतो तेवढं येतं.

धक्का म्हणजे जहाज लागायची जागा. वरून तो रस्त्यासारखा दिसतो. पोती, गाड्या, हमाल, साहेब, सगळं वर. खाली खांबांचं रान. चौकोनी काळ्या लाकडाचे खांब ओळीनं चिखलात ठोकलेले, त्यांच्यावर आडव्या तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर जग. भरतीला खालचं सगळं पाण्यात जातं. ओहोटी लागली की आमची दुरुस्तीची टोळी तराफा घेऊन वाकून आत शिरायची. डोक्यावर गाड्या धडधडायच्या, फटीतून धूळ पडायची, धान्य पडायचं, कधी कोणाची पानाची पिंक पडायची. आम्ही खांबाला चिकटलेली कवचं पहारीनं खरवडायचो, सैल बोल्ट आवळायचो, सडलेला खांब काढून नवा ठोकायचो. समुद्रात एक किडा असतो, तो लाकूड आतून खातो. वरून खांब धडधाकट आणि आत नुसती चाळणी. शेवंताचंही तसंच झालं, पण ते पुढं येईल.

इंग्रजांच्या राज्यात तिथं प्रत्येक मालाला वेगळा धक्का होता. कोळशाला वेगळा, गवताला वेगळा, कौलांना वेगळा. आमचा चुन्याचा, म्हणून त्याला चुना धक्का म्हणायचे. कापसाचाही होता. एक म्हातारा पारशी कारकून मला सांगायचा, तुमच्या खामगावचा कापूस रेल्वेनं यायचा आणि इथून विलायतेला जायचा, हे सगळे धक्के तुमच्या वऱ्हाडच्या कापसावर उभे राहिले. मी म्हणायचो, मग शेठ, आमच्या गावाला त्यातला एखादा खांब तरी द्या, समाजमंदिराला लागतो. तो हसायचा. मी काही हसून म्हणत नव्हतो.

ज्याला धक्क्याचं काम आहे त्याचं पंचांग वेगळं असतं. अमावस्येला आणि पुनवेला भरती मोठी, तशी ओहोटीही खोल. खांब पार बुडापर्यंत उघडे पडतात. म्हणून मोठं काम नेमकं तेव्हाच निघायचं आणि तेव्हा टोळीत कोणाला सुट्टी नाही. आम्ही बौद्ध. आमचा मोठा दिवस वैशाखी पुनव. नोकरी होती तोवर एकाही वैशाखी पुनवेला मी घरी नव्हतो. शेवंता पांढरं लुगडं नेसून पोरीला घेऊन विहारात जायची आणि लोक विचारायचे, मालक काऊन नाही आले. तिनं एक उत्तर ठरवून ठेवलं होतं.

“ते ओहोटी माही सवत हाये. पुनवेले नवरा तिच्याकडं असते.”

शेवंताचं माहेर बीबी गाव. लोणारचं तळं तिथून जवळ. मी सुट्टीवर आलो आणि समुद्राचं सांगायला लागलो की ती मला थांबवायची. खाऱ्या पान्याचं मले काय सांगता, म्हणायची, आमच्या लोणारले हाये, त्यात मासाई जगत नाई. मग थोड्या वेळानं स्वतःच विचारायची, त्याचा दुसरा काठ दिसते का. मी सांगायचो, आमच्या बाजूनं दिसतो, पलीकडं डोंगर आहेत. तर म्हणायची, मंग काय मोठा हाये.

आमच्या टोळीच्या म्होरक्याला तांडेल म्हणायचे. इब्राहिम तांडेल, कोकणातला माणूस. शिव्या देण्यात आणि नमाज पढण्यात कधी खाडा नाही. त्याच्या टोळीत एक जुनी रीत होती. ज्यानं खांब उभा केला त्यानं तुळईच्या खाली, भरतीचं पाणी पोचत नाही तिथं, छिन्नीनं एक नाव कोरायचं. स्वतःचं नाही. घरी जो आपली वाट पाहतो त्याचं. वरचं वजन खांब उचलतो पण खांबाला घरचं माणूस धरून ठेवतं, असं म्हणायचे. साहेब लोकांना हे माहीत नव्हतं, कारण साहेब खाली येत नव्हते. एकदा एका गड्यानं मेलेल्या आईचं नाव कोरायला घेतलं तर तांडेलानं त्याच्या हातातली छिन्नी काढून घेतली. म्हणाला, जो घर पे राह देखता है उसी का नाम. मरे हुए को बोझ मत दे. तो गडी रडला, पण तांडेलानं ऐकलं नाही.

माझ्या पहिल्या खांबाला मी घाई केली. नवीन होतो, हौस होती. खांब धक्क्यावर आडवा पडला होता तेव्हाच मी टोकाशी शेवंताचं नाव कोरून काढलं. अक्षरं चांगली आली. मला लिहिता येतं हे टोळीला दाखवायचंही होतं, खोटं कशाला बोलू. पण खांब ठोकायची रीत अशी, की लोखंडी घण वर ओढून त्याच्या डोक्यावर सोडायचा, तो चिखल फोडून कठीण जमिनीला टेकला की थांबायचं आणि वर उरलेलं डोकं करवतीनं कापायचं, सगळे खांब एका पातळीत यावेत म्हणून. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत करवत फिरली आणि शेवंताचं नाव खांबापासून सुटून तराफ्यावर पडलं. सगळी टोळी हसून लोळली. तांडेल म्हणाला, “वऱ्हाडी, बीवी की गर्दन काट दी तूने.”

तो कापलेला तुकडा मी टाकला नाही. हात-दीड हात लांबीचा चौकोनी ठोकळा, दगडासारखा जड. पुढच्या सुट्टीत पोत्यात घालून एसटीनं गावी आणला. कंडक्टर म्हणाला, बाबा, मुंबईहून लोक पेढे आणतात. शेवंतानं तो उलटापालटा करून पाहिला, नाव वाचलं आणि चुलीपाशी ठेवून त्याच्यावर बसली. तेव्हापासून तो तिचा पाट. माह्या नावावर मीच बसते म्हणायची.

पुढचा खांब मी नीट केला. ठोकून झाला, कापून झाला, तुळई बसली, मग ओहोटीला तराफ्यावर उताणं झोपून नाव कोरलं. धक्क्याच्या पायऱ्यांपासून आत तिसरी ओळ. डोळ्यात भुसा जात होता. शे-वं-ता. अनुस्वाराचं टिंब चांगलं खोल दिलं. पुढं वर्षानुवर्षं त्या ओळीत काम निघालं की मी त्या खांबाला हात लावून पुढं जायचो. आम्ही सगळेच तसं करायचो.

एकदा क्रेनच्या पायासाठी गोदामामागं खड्डा खणत होते, पाण्यापासून चांगलं लांब. खाली लाकूड लागलं म्हणून आमच्या टोळीला बोलावलं. माती काढली तर आमच्यासारखाच खांब उभा. तांडेल म्हणाला, हा आधीचा धक्का. त्याच्याही आधीचा आणखी आत असेल, बाजाराखाली. मुंबईनं समुद्र असाच ढकलत नेला. धक्का बांधायचा, जुना झाला की पुढं भराव टाकून त्याला गाडायचा आणि त्याच्यापुढं नवा बांधायचा. त्या काळ्या खांबावर डोक्याच्या खाली एक नाव कोरलं होतं. अक्षरं तेलगू आहेत असं कोणी म्हणालं, कोणी मोडी म्हणालं. आमच्यात कोणालाच वाचता आलं नाही. तांडेलानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. नमाजाला टोपी घालणारा माणूस, पण त्या खांबापुढं त्यानं ती काढली. मग सिमेंट ओतलं. मी त्या दिवशी जेवलो नाही. कुठली तरी बाई, कोणत्या मुलखात वाट पाहत बसली असेल आणि तिचं नाव क्रेनच्या पायाखाली.

आता भिकाजीचं सांगतो. भिकाजी महाडकडचा, माझ्याबरोबर तराफ्यावर असायचा. हसरा माणूस, काम करताना गाणी म्हणायचा आणि सूर चुकला की स्वतःलाच शिवी द्यायचा. एका उधाणाच्या दिवशी आम्ही आतल्या ओळीत होतो. सडलेला खांब सुटून दुसऱ्यावर रेलला आणि भिकाजीचा पाय दोहोंच्या मधे सापडला. भरती लागली होती. आम्ही पहारी लावल्या, दोर लावले, वरून माणसं बोलावली. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. भिकाजी मला म्हणाला, “अरे, ओढू नको आता, दुखतंय.” मग तो पायाचं बोलेनासा झाला, घरचं बोलायला लागला. भाताची लावणी राहिली, म्हैस व्यायला झाली. पुढचं लिहीत नाही. पाणी कोणासाठी थांबत नाही, एवढंच.

त्याचे दिवसपाणी झाल्यावर बायको आली. ऑफिसात तिचा अंगठा घेतला, चहा दिला. ती जागची हलेना. म्हणाली, माझ्या नावाचा खांब आहे म्हणायचे, तो दाखवा. बाईमाणसाला खाली न्यायची रीत नव्हती. तांडेलानं कोणाला विचारलं नाही, ओहोटीची वाट पाहिली आणि तिला तराफ्यावर घेतलं. मी वल्हं धरलं होतं. तिनं त्या खांबाला दोन्ही हातांनी कवळा घातला, लेकराला घालतात तसा. वर गाड्या चालूच होत्या.

हे मी सुट्टीवर आल्यावर शेवंताला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली.

“तिले तं नवरा मेल्यावर नेलं,” ती म्हणाली. “मले तुम्ही जित्ते असताना पाहाचा हाये.”

“काय पाहतं त्यात. लाकूड हाये.”

“माह्यं नाव हाये ना त्याच्यावर. मीच नाई पाह्यलं तं कोन पाहीन?”

“हे काय, नाव तं तुह्या बुडाखाली हाये.”

“हा कापलेला हाये,” ती म्हणाली. “मले उभा असलेला पाहाचा हाये.”

नेईन म्हटलं. खरंच न्यायचं होतं. पण मुंबईत आम्ही एका खोलीत आठ-दहा गडी राहायचो, तिथं बायकोला कुठं ठेवायचं. आणि तिलाही कधी कापूस वेचणी, कधी पोरीचं बाळंतपण, कधी शेळी आजारी. तिनं परत परत विचारलं नाही. वर्षातून एखाद्या वेळी, मी परत निघालो की दारात उभी राहून म्हणायची, त्याले सांगजा, मी येऊन राह्यली म्हना.

मग धक्के मरायला लागले. मोठे लोखंडी डबे आले, त्यांना खोल पाणी आणि मोठी क्रेन लागते, तो सगळा माल खाडीपलीकडच्या नव्या बंदरात गेला. आमच्या धक्क्यावर आधी गलबतं कमी झाली, मग हमाल कमी झाले, मग उंदीरसुद्धा कमी झाले. तांडेल गावी जाऊन वारला. रिकाम्या धक्क्याची देखभाल कोण करतं? किडा मात्र पगार मागत नाही, त्याचं काम चालू होतं. एकदा एक गोरी म्हातारी फोटो घेऊन आली. तिचा आजा याच पायऱ्यांवर उतरला होता म्हणे. फोटोतल्या पायऱ्या केव्हाच भरावाखाली गेल्या होत्या हे मला दिसत होतं. मी तिला आमच्याच पायऱ्या दाखवल्या. ती खाली बसली, दगडावरून हात फिरवला, रडली आणि मला नमस्कार करून गेली. तेव्हा मला वाटलं होतं, बरं केलं. आता वाटतं, तिला नसलेल्या पायऱ्या दाखवल्या आणि स्वतःच्या बायकोला असलेला खांब दाखवला नाही.

निवृत्त होऊन गावी आलो. दोघांनी मिळून पुनवा केल्या. शेवंता लोकांना म्हणायची, सुटला माह्या सवतीच्या तावडीतून. पण मुंबईचं नाव काढलं की मी म्हणायचो, पुढच्या वर्षी, आता आपल्याला कोण हाकलतंय.

मग तिच्या पोटात दुखायला लागलं. बुलढाण्याच्या डॉक्टरनं मला बाहेर घेऊन सांगितलं, गाठ जुनी आहे, आता उघडून उपयोग नाही. वरून बाई धडधाकट. त्याच आठवड्यात टोळीतल्या एका जुन्या गड्याचा फोन आला, की चुना धक्का बुजवतायत, लोकांना फिरायला रस्ता आणि बाग होणार. फोन मोठ्या आवाजाचा. शेवंतानं ऐकलं.

“आता तरी चाला,” ती म्हणाली.

मुलगी ललिता मेहकरला दिलेली. ती आली आणि भांडली. बाबा, तुमाले डोकं हाये का, ह्या अशा बाईले एवढ्या दूर नेता? शेवंतानं तिला सांगितलं, तू गुमान राय, मी चाळीस वर्सं गुमान राह्यली. मेहकरहून गाडीत बसलो. तिनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. एक घास खाल्ला नाही.

धक्क्यापाशी पोचलो तर समुद्र नाही. निळे पत्रे. माणसाच्या दीडपट उंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गेटपाशी वॉचमन. माणूस वाईट नव्हता. मी त्याला सगळं सांगितलं, खांबाचं, नावाचं. त्यानं शेवंताकडं पाहिलं, पाणी दिलं. म्हणाला, “चाचा, मैं छोड़ भी दूँ तो अंदर क्या देखोगे? मिट्टी है.”

जहाजाचा दोर बांधायचा एक जुना लोखंडी खुंट फुटपाथवर शोभेला ठेवला होता, पिवळा रंग देऊन. शेवंता त्याच्यावर बसली, चुलीपाशी बसते तशी. पत्र्याला एका जागी बोल्टाचं भोक होतं, मी डोळा लावला. आत डंपर मुरूम ओतत होते. धक्क्याच्या फळ्या काढून नेल्या होत्या. पहिल्या ओळीतले थोडे खांब गळ्यापर्यंत मुरुमात उभे होते, डोकी तेवढी वर. दुसरी ओळ दिसत नव्हती. तिसरी ओळ दिसायचा प्रश्नच नव्हता.

“उभा हाये का?” तिनं विचारलं.

“हाये,” मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. गाडलेला खांब उभाच असतो.

“पान्यात?”

मी भोकावरचा डोळा काढला. तिला समजलं. ती उठून पत्र्यापाशी आली. पत्र्यावर होणाऱ्या बागेचं मोठं चित्र होतं. दिवे, झाडं, बाकडी, एक गोरी बाई कुत्रं घेऊन चाललेली, मागं निळंशार पाणी.

“ह्याच्यात कुठं येते आपला?”

मी पायऱ्यांच्या जागेवरून अंदाज घेतला आणि कुत्र्याच्या मागं, एका बाकड्यावर बोट ठेवलं. शेवंतानं माझं बोट बाजूला केलं आणि तिथं तळहात टेकला. दुपारचं ऊन, पत्रा तापलेला. हात काढ, पोळंन, मी म्हटलं. तिनं काढला नाही.

“घरी मी बसते त्याच्यावर,” ती म्हणाली. “इथं लोकं बसतीन.”

मी म्हटलं, चल, टॅक्सी करू, दुसरीकडं समुद्र दाखवतो, गेटवेला मोकळा आहे. ती म्हणाली, “नको. तो आपला नाई.” परतीच्या गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. समुद्र न पाहताच ती बाई मुंबईहून परत आली.

ती वैशाखाच्या आधी गेली. वैशाखी पुनवेला मी विहारात एकटा गेलो. मालकीण कुठं, असं कोणी विचारलं नाही, सगळ्यांना माहीत होतं. कोणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. इतकी वर्षं ती कशी एकटी जात होती ते त्या दिवशी समजलं. आता समजून काय करायचं आहे?

ललिता पावसाळ्याआधी घर सारवायला आली तेव्हा तिनं चुलीपाशचा ठोकळा उचलला. उजेडात धरून पाहिला. वरचं नाव राहिलंच नाही. बसून बसून झिजलं, शेवंताच्याच लुगड्यानं पुसलं गेलं. अनुस्वाराचा एक खड्डा तेवढा बोटाला लागतो. ललिता म्हणाली, “बाबा, छिन्नी हाये ना तुमची. कोरा पुन्हा.”

मी छिन्नी काढली. दगडावर धार लावली. ठोकळा अंगणात घेतला, पायात धरला. तीन अक्षरं अजून आली असती. ललिता समोर बसली होती. मी छिन्नी खाली ठेवली.

“काऊन, बाबा?”

“जे घरी वाट पाहून राह्यलं त्याचंच नाव कोरतात, बाई,” मी म्हटलं. “तशी रीत हाये.”

ठोकळा चुलीपाशी परत ठेवला. मी जमिनीवर बसून जेवतो.